‘निरुपयोगी’ अवयवाचा हिशेब
माझ्या पोटावरचा व्रण चाळीस वर्षांचा आहे. ‘बिनकामाचंच होतं ते, गेलं तर गेलं,’ असे तेव्हा आई म्हणाली होती. त्या ‘बिनकामा’चा माग काढत मी १८७१पर्यंत पोहोचलो. ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये डार्विनने अपेंडिक्सला निरुपयोगी अवशेष ठरवले. १८८६मध्ये रेजिनाल्ड फिट्झने त्याच्या दाहाचे निदान मांडून तातडीच्या शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. पुढे असंख्य जीव वाचले. २००७मध्ये मात्र ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी सुचवले, की जुलाबाने आतडे धुऊन निघाल्यावर उपयुक्त जिवाणू पुन्हा पेरणारी ही बियाण्याची कणगी असावी. उलट, २००१च्या स्वीडिश अभ्यासात दाहामुळे विशीच्या आत अपेंडिक्स काढलेल्यांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी आढळला. हिशेब एकतर्फी नाही. व्रणाची खंत नाही, त्याच्यामुळेच मी आहे. खोडायचा आहे तो फक्त आईचा ‘बिनकामाचं’ हा शब्द.