संकेतस्थळावरून दरमहा देणगी : संमती, कार्ड आणि पावती

संकेतस्थळावरून दरमहा देणगी स्वीकारणाऱ्या भारतीय संस्थांच्या दृष्टीने १ ऑक्टोबर २०२१ ही तारीख निर्णायक ठरली. तोपर्यंत देणगीदाराने एकदा कार्डाचा तपशील दिला की पुढील महिन्यांची रक्कम त्याला पुन्हा न विचारता वळती होत असे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाद्वारे आखलेली ई-मँडेटची, म्हणजे आगाऊ इलेक्ट्रॉनिक संमतीची, चौकट त्या दिवसापासून पूर्णपणे लागू झाली आणि तिच्यात नोंद नसलेले जुने आदेश चालेनासे झाले. दूरचित्र मालिका दाखविणाऱ्या सेवांनाही याची झळ बसली; पण त्यांचा ग्राहक सेवा बंद पडताच स्वतःहून परत येतो. देणगीदाराचे तसे नसते. आपल्या खात्यातून रक्कम गेलीच नाही, हे त्याच्या ध्यानातही येत नाही आणि वसतिगृहाचा महिन्याचा किराणा मात्र त्याच रकमेवर अवलंबून असतो.

या चौकटीचा गाभा संमती हा आहे. संमती नोंदविताना देणगीदाराला ओटीपीसारख्या अतिरिक्त प्रमाणीकरणातून जावे लागते. रक्कम ठरावीक ठेवायची की कमाल मर्यादेच्या आत बदलती, तसेच संमती किती काळ चालेल, हे त्याच वेळी निश्चित होते. त्यानंतरच्या प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी कार्ड देणारी बँक त्याला सूचना पाठविते. तीत संस्थेचे नाव, रक्कम व दिनांक असतो. त्या एका हप्त्याला किंवा संपूर्ण संमतीलाच नकार देण्याची सोय तेथेच असते. पुन्हा ओटीपी न मागता वळत्या होणाऱ्या रकमेची मर्यादा प्रथम २,००० रुपये होती. पुढे ती ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विमा हप्ता व क्रेडिट कार्ड देयक यांच्यासाठी ती एक लाखापर्यंत वाढविण्यात आली. देणगीचा त्या यादीत समावेश नव्हता.

बँकेच्या सूचनेत संस्थेचे जे नाव दिसते, त्याकडे विश्वस्तांचे सहसा लक्ष नसते. न्यासाचे नोंदणीकृत नाव एक आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव दुसरेच, असे आपल्याकडे सर्रास आढळते. अनोळखी नावाने पैसे मागणारा संदेश आला की सावध माणूस नकारच देतो. म्हणून ॲग्रीगेटरकडे खाते उघडतानाच दिसावयाचे नाव निश्चित करून घ्यावे आणि तेच नाव देणगीच्या पानावरही ठळकपणे सांगावे.

पेमेंट ॲग्रीगेटर म्हणजे देणगीदाराची बँक व संस्थेचे खाते यांच्यामधील मध्यस्थ कंपनी. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बँकेतर ॲग्रीगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक आहे आणि संस्थांसाठी जमा झालेली रक्कम त्याने एस्क्रो खात्यात ठेवावयाची असते. करारापूर्वी ही परवानगी तपासणे हे विश्वस्तांचे काम आहे. ते संकेतस्थळ बनविणाऱ्यावर सोडू नये.

कार्डाचा क्रमांक संस्थेच्या संगणकापर्यंत पोहोचूच नये, हे जोडणीचे पहिले सूत्र. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक व कार्डचे जाळे यांच्याखेरीज अन्य कोणालाही कार्डाचा तपशील साठविता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरले जाते. ओळख पटविण्यापुरते शेवटचे चार अंक ठेवता येतात. त्यामुळे लहान संस्थेने स्वतःचा कार्ड-अर्ज घडविण्याच्या भरीस न पडता ॲग्रीगेटरच्याच पानावर देणगीदाराला न्यावे, हे श्रेयस्कर.

दुसरी बाब पैसे खरोखर आले की नाहीत, याच्या खात्रीची. पैसे भरल्यावर ‘आभारी आहोत’ असे पान उघडले, एवढ्यावर पावती देणे चुकीचे. देणगीदाराचे नेट मध्येच तुटू शकते किंवा ते पान कोणी परस्पर उघडू शकतो. ॲग्रीगेटरचा संगणक संस्थेच्या संगणकाला थेट जी सूचना पाठवितो, तिला वेबहुक म्हणतात. तिच्यावरील सांकेतिक स्वाक्षरी पडताळून मगच नोंद करावी. मासिक देणगीत तर दुसऱ्या महिन्यापासून देणगीदार पानावर येतच नाही. तेव्हा वेबहुक हीच एकमेव वर्दी. एकच सूचना दोनदा येऊ शकते, म्हणून व्यवहार क्रमांक आधी नोंदला गेला आहे का हे पाहावे. अन्यथा एका देणगीच्या दोन पावत्या निघतात आणि लेखापरीक्षणाच्या वेळी हिशेब जुळत नाही.

केवळ कार्डावर विसंबणे मात्र व्यवहार्य नाही. कार्डाची मुदत संपते, ते हरवते, बदलले जाते. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने जुलै २०२० मध्ये सुरू केलेली यूपीआय ऑटोपे आणि बँक खात्यातून थेट वजावट करणारी नॅच प्रणाली हे दोन पर्याय संकेतस्थळावर असावेत. निवृत्तिवेतनधारक देणगीदार बहुधा नॅचच पसंत करील.

पावतीच्या बाबतीत ॲग्रीगेटरचे शुल्क वजा होऊन खात्यात ९८० रुपये आले, तरी देणगीदाराने १,००० दिले असतील तर पावती १,००० चीच हवी. शुल्क हा संस्थेचा खर्च. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०जी खालील सवलतीसाठी आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने नमुना १०बीडी मध्ये देणग्यांचे विवरण भरून देणगीदाराला नमुना १०बीई मधील प्रमाणपत्र देणे आवश्यक झाले. त्यासाठी वर्षसमाप्तीनंतरची ३१ मे ही मुदत होती. त्यामुळे पूर्ण नाव, पत्ता व पॅन क्रमांक पहिल्याच अर्जात घेतलेले बरे. बारा महिन्यांनंतर शेकडो जणांना दूरध्वनी करून पॅन गोळा करणे काय असते, हे कोणत्याही संस्थेच्या लेखनिकाला विचारावे.

परदेशस्थ मराठी माणसांकडून येणाऱ्या देणगीसाठी नियम निराळे आहेत आणि तेथे निकष कार्डाचा नसून नागरिकत्वाचा आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या, पण भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी योगदान ठरते. ती घेण्यासाठी विदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विहित खात्यातच जमा व्हावी लागते. म्हणून नागरिकत्वाचा प्रश्न रक्कम भरण्यापूर्वीच विचारला जावा आणि नोंदणी नसलेल्या संस्थेच्या संकेतस्थळाने अशा देणगीदाराला पुढचे पान उघडूच देऊ नये.