लोखंडी कालवा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ माझ्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. सायकली चौदा. त्यांतली एक लेडीज, पण तिला हात लावायची मला मनाई. ती गिऱ्हाइकासाठी राखलेली, आणि तसलं गिऱ्हाईक महिन्याकाठी एखादं. मी शिकले ती पुरुषांच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. तासाला पंधरा पैसे हा भाव मला आठवतो. त्याआधीचा आण्यांतला होता.

दुकानाची वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठा, पानांवर वंगणाची बोटं. नाव, सायकलचा नंबर, नेली किती वाजता, आणली किती वाजता, आणि शेवटचा रकाना ‘कुठे’. तो वडिलांनी स्वतःच्या डोक्यानं आखलेला. सायकल परत आली नाही तर कोणत्या दिशेला शोधायला निघायचं, एवढाच त्यामागचा हिशोब. कळवा, कोलशेत, माजिवडे, कोपरी ही नावं त्यात सारखी येतात. आणि दर दोन-चार पानांआड एकच शब्द येतो, ‘पाइप’.

पाइपला जाणारा माणूसही एकच. मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात तो चावीवाला होता. त्याची स्वतःची सायकल बारा महिने आजारी, म्हणून आमची न्यायचा. दांड्याला सुतळीनं बांधलेली लांब लोखंडी चावी, कॅरिअरला डबा. बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडायचा आणि भिवंडी तालुक्यात शिरून नळाच्या कडेकडेनं जायचा. कुठे गळतंय, कुठे नळाखालची माती सरकली, कुठे कुणी भोक पाडलं, हे बघणं त्याचं काम.

१९६४ च्या मे महिन्यात वडील मला घेऊन त्याच्याबरोबर गेले. मी अकरा वर्षांची, वडिलांच्या कॅरिअरवर डबलसीट. पूल संपला, आग्रा रोडवरचे ट्रक मागे पडले आणि आम्ही नळाच्या वाटेला लागलो. एका बाजूला माझ्या डोक्याच्या वर जाणारा काळा नळ, दुसऱ्या बाजूला भाताची कापलेली खाचरं, मध्ये लाल मुरमाची वाट. टायरखालचा मुरूम आणि भारद्वाज, एवढाच आवाज. पोगावच्या अलीकडे चावीवाला उतरला. “कान लाव पोरी. मुंबई पाणी पितेय.” मी कान लावला. आत काहीतरी लांबून घरंगळत आल्यासारखं वाजत होतं, आणि मे महिन्याच्या उन्हातही नळाची पोटाकडची बाजू गार होती. रिबिटांच्या टोप्या गालाला रुतल्या, त्यांचे वळ घरी येईपर्यंत होते.

ही वाट आधीपासूनची नव्हे. या मुलखाचा जुना रस्ता म्हणजे खाडी. कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजं बांधायला घातली. माल वसईकडे, ठाण्याकडे जायचा तो होड्यांनी. मग १८५३ मध्ये रेल्वे ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला, आणि पाण्यावरची ये-जा हळूहळू रुळांवर चढली. खाडीचं पाणी माणसं आणि माल वाहायचं. त्यानंतर आलेल्या पाण्यानं स्वतःसाठीच रस्ता मागितला.

मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं १८६० मध्ये, विहार तलावातून. १८७९ मध्ये तुळशीची भर पडली. तेवढ्यानं भागेना. मेजर हेक्टर टुलॉक या इंजिनिअरनं आधीच शहापूरकडच्या तानसा नदीवर बोट ठेवलं होतं. धरण झालं क्लर्क नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली. पावणेतीन किलोमीटरच्या वर लांबीची दगडी भिंत, आणि १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनच्या हस्ते उद्घाटन. पाणी मुंबईपर्यंत नुसत्या उतारानं न्यायचं होतं, पंप नाही. म्हणून जिथे जमीन उंच होती तिथे दगडी बांधीव पाट, टेकडी आडवी आली तिथे बोगदा, आणि खोलगटात ४८ इंची बिडाचे नळ. चावीवाल्याची यावरून एक खूण होती. पाय भरून न येता सायकल चालत राहिली की शेजारी पाट आहे समजायचं. ओढ्यात उतरून धापा टाकत वर चढावं लागलं की तिथे नळ. साहेबानं लेव्हल लावून जे मोजलं ते त्याच्या पोटऱ्यांना ठाऊक होतं.

पुढे नळ वाढत गेले. १९२० च्या दशकात ७२ इंची पोलादी नळ आले. १९५७ मध्ये वैतरणेवरचं मोडकसागर, महापालिकेचे इंजिनिअर ना. वि. मोडक यांच्या नावाचं. मग अप्पर वैतरणा, मग भातसा. भातसाचं पाणी धरणातून नदीत सोडतात, पिसे इथल्या बंधाऱ्याशी उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून पुढे धाडतात. प्रत्येक नव्या नळाबरोबर कडेची वाट रुंदावत गेली. नळ बसवायला क्रेन यायची, जोड सांधायला माणसं यायची. मुरूम गेला, डांबर आलं.

इंग्लंडात कालव्यांच्या काठानं पायवाटा आहेत. होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी त्या होत्या, आता त्यांवरून लोक सुट्टीच्या दिवशी सायकली चालवतात. आपल्याकडे घाटावर नीरेचा, मुठेचा पाट आहे आणि त्याच्या काठानं पाटकऱ्याची वाट. ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला कालवा आला तो झाकलेला, लोखंडाचा. भातसाचे थोडे कालवे शेताला मिळाले खरे, पण मोठा प्रवाह नळातून गेला. घाटावरच्या पाटावर बाया कपडे धुतात, पोरं डुंबतात. या कालव्याला हात लावायची सोय नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. नळाच्या उंचवट्यावर हवा सोडायचे व्हॉल्व्ह असतात, त्यांतून पाण्याची चिळकांडी उडत राहते. त्या दिवशी अशाच एका व्हॉल्व्हखाली मी हंड्यांची रांग पाहिली. मुंबईचं पाणी थेंबाथेंबानं गावात उतरत होतं. चावीवाल्याचं काम ती गळती बंद करण्याचं. तो सायकलवरून उतरला नाही, पंपाच्या क्लिपशी चाळा करत पुढे गेला. वडीलही काही बोलले नाहीत. ज्या शहापूर तालुक्यात यांतले बरेच तलाव आहेत तिथल्या पाड्यांवर अजून उन्हाळ्यात टँकर जातात, हे मी नंतर वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचत आले.

नळाची वाट पाणीखात्याची, बाहेरच्यांना बंद. ती शांत राहिली ती या बंदोबस्तामुळे. रस्ता म्हणून खुली असती तर कधीच भरून गेली असती. मी १९७६ मध्ये लग्न होऊन डोंबिवलीला आले, तिथेही पाइपलाइन रोड आहे, काटईवरून बदलापूरकडे जाणारा. बारवी धरणाचं पाणी त्या नळांतून येतं. सुरुवातीची काही वर्षं मी त्या रस्त्यानं सायकलनं खोणीपर्यंत जात असे, हाजी मलंगचा डोंगर समोर ठेवून. तो सगळ्यांसाठी उघडा होता. आज तिथे कंटेनर आणि टॉवर आहेत, आणि डोंगर इमारतींच्या फटीतून दिसतो. पाइपलाइन हे नाव तेवढं राहिलं.

मुंबईच्या हद्दीत याच तानसा नळाच्या बाजूला झोपड्या वाढल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानं नळालगतची दहा-दहा मीटर जागा मोकळी केली, आणि २०१७ च्या सुमारास महापालिकेनं मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक तिथे आखला. उठवलेल्यांपैकी कित्येक कुटुंबांना माहुलला पाठवलं. तिथल्या हवेत राहवत नाही म्हणून ती माणसं पुन्हा कोर्टाची पायरी चढली. सायकलवाल्यांना शांत रस्ता हवा असतो, मलाही हवा असतो. तो कुणाकुणाला हलवून मोकळा झालाय, हे मात्र पॅडल मारताना विसरायला होतं.

डोंबिवलीहून भिवंडीकडे जायला पूर्वी मोठागावच्या रेतीबंदरावर सायकल होडीत घालावी लागे. होडीवाला सायकलचे वेगळे पैसे घ्यायचा आणि वर “चाक पाण्यात जाऊ देऊ नका ताई” असंही बजावायचा. आता माणकोलीला जाणारा पूल झाला. रविवारी पहाटे साडेपाचला निघते, पुलावर उल्हासचा वारा लागतो, पलीकडे गोदामांच्या पत्र्यांच्या रांगा. काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ ही गावं म्हणजे आता गोदामांचे पत्ते. मुंबईत मागवलेलं सामान इथे मुक्काम करतं, पाणी मात्र इथून नुसतं जातं. पाण्यानं मुक्काम कधी केला नाही.

मागच्या हिवाळ्यात एका ठिकाणी नळाच्या वाटेला फाटक लागलं. पहारेकरी पोरगेलासा. “आजी, इथून सायकल न्यायला परवानगी नाही.” मी म्हटलं, बाबा, साठ वर्षांपूर्वी इथून गेलेय. तो म्हणाला, “तेव्हा मी नव्हतो.” यावर काय बोलणार! सायकल फाटकाला टेकवली, नळापाशी गेले, कान लावला. हा नवा नळ वेल्डिंगचा, रिबिटा नाहीत, गालाला काही रुतत नाही. आवाज तोच.

घरी येऊन वही काढली. चावीवाल्याची शेवटची नोंद १९६६ च्या जुलैमधली आहे. सायकल नंबर ९, नेली सकाळी ६, आणली रात्री ८, कुठे: पाइप. त्यानंतर त्याची बदली झाली असावी, तो दुकानात पुन्हा दिसला नाही. रकान्याच्या बाहेर, समासात, वडिलांनी शिसपेन्सिलीनं लिहिलंय: सायकल पोचली. हवेचा पंप येणे.