बाहेरचे पोलीस आले, तरीही: नासाऊचा न उलगडलेला खून

एखादा खून होतो, महिने उलटतात, आरोपी सापडत नाही. मग आपल्याकडे एक मागणी हमखास पुढे येते. "तपास सीबीआयकडे द्या!" मीही हे अनेकदा तावातावाने म्हटलंय. त्यामागची भावना साधी असते. इथल्या पोलिसांवर दबाव असेल, बाहेरचा माणूस मोकळेपणाने काम करेल.

आज मी तुम्हाला १९४३ सालची एक केस सांगणार आहे. तिथे बाहेरचे पोलीस पहिल्याच दिवशी विमानाने हजर झाले होते. आणि तो खून आजतागायत उलगडलेला नाही.

गोष्ट आहे बहामाची. अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यासमोरची ही बेटं तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. राजधानी नासाऊ. तिथे सर हॅरी ओक्स नावाचा गडगंज माणूस राहायचा. जन्म १८७४ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. तरुणपणी सोन्याच्या शोधात देशोदेशी वणवण केली आणि शेवटी कॅनडात ऑन्टारिओमधल्या कर्कलंड लेकला त्याला घबाड सापडलं. पुढे कॅनडाचे कर नकोसे झाले म्हणून हा बहामात येऊन राहिला.

७ जुलै १९४३ ची रात्र. बाहेर वादळी पाऊस. सकाळी ओक्स त्याच्या बेडरूममध्ये मृतावस्थेत सापडला. डाव्या कानामागे चार जखमा, अंग ठिकठिकाणी भाजलेलं आणि त्यावर उशीतली पिसं चिकटलेली. मृतदेह पहिल्यांदा पाहिला त्याचा मित्र हॅरल्ड क्रिस्टी याने. जमिनीच्या व्यवहारातला हा बडा माणूस त्या रात्री त्याच घरात झोपला होता. आपल्याला काहीच ऐकू आलं नाही, असं त्याने सांगितलं.

बहामाचा गव्हर्नर कोण होता माहितीये? ड्यूक ऑफ विंडसर. म्हणजे १९३६ मध्ये वॉलिस सिम्प्सनशी लग्न करण्यासाठी गादी सोडणारा इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड. त्याने आधी ही बातमी दाबायचा प्रयत्न केला, पण ती तोवर बाहेर गेली होती. मग त्याने बाहेरून मदत मागवायचं ठरवलं.

इथे जरा थांबूया. ब्रिटिश वसाहतीत मोठा गुन्हा घडला तर स्कॉटलंड यार्डचं नाव डोक्यात येणं साहजिक होतं. पण महायुद्ध चालू, लंडन लांब. मायामी विमानाने अगदी जवळ. म्हणून ड्यूकने मायामी पोलिसांना फोन केला. सोयीचा निर्णय होता, मान्य. पण त्याने बोलावलं कोणाला? कॅप्टन एडवर्ड मेल्चेनला. ड्यूक मायामीला जायचा तेव्हा त्याच्या संरक्षणासाठी असायचा तोच हा माणूस. सोबत ठसेतज्ज्ञ म्हणून आला कॅप्टन जेम्स बार्कर. दोघे त्याच दिवशी पोचले.

दुसऱ्याच दिवशी अटक झालीसुद्धा! आरोपी: ओक्सचा जावई आल्फ्रेड द मारिन्यी. मॉरिशसमध्ये जन्मलेला, सासऱ्याशी उघड वाकडं असलेला. ओक्सची मुलगी नॅन्सी हिने अठरा वर्षं पूर्ण होताच आईवडिलांना न सांगता त्याच्याशी लग्न केलं होतं. संशय घ्यायला असा माणूस सोपाच. पुरावा म्हणून बार्करने एक ठसा पुढे केला. मृताच्या पलंगाजवळ एक घडीचा चिनी पडदा होता, त्यावर जावयाच्या उजव्या करंगळीचा ठसा मिळाला, असं त्याचं म्हणणं. तो ठसा खरा ठरला तर जावई फासावर जाणार होता.

आता ठशांचं शास्त्र म्हणाल तर त्याचं एक मूळ आपल्याकडेच आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाणारी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत उभी करण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. स्कॉटलंड यार्डचा ठसे विभाग त्यानंतर, १९०१ मध्ये निघाला. १९४३ पर्यंत हे शास्त्र चांगलंच रुळलेलं होतं. त्यातला एक साधा दंडक असा, की ठसा जिथे आहे तिथेच आधी त्याचा फोटो काढायचा, मग तो उचलायचा.

बार्करने ठशांचा कॅमेराच आणला नव्हता. त्याने ठसा तसाच उचलून घेतला, त्यामुळे पडद्यावर काही खूण उरली नाही. ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला. बचावाचे वकील गॉडफ्रे हिग्ज यांनी उलटतपासणीत विचारलं, पडद्यावर नेमका कुठे होता हा ठसा? बार्करला ठाम सांगता येईना. ठशामागची नक्षी पडद्याच्या पृष्ठभागाशी जुळत नव्हती. बचाव पक्षाने सुचवलं, की चौकशी चालू असताना जावयाच्या हातात दिलेल्या वस्तूवरून, पाण्याच्या ग्लासवरून वगैरे, हा ठसा घेतलेला असू शकतो. ते सिद्ध झालं नाही. पण पुराव्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

अजून एक गोष्ट मला खटकते. स्थानिक पोलिसप्रमुख कर्नल एरस्किन-लिंडॉप सुरुवातीपासून या केसमध्ये होते. खटल्याआधी त्यांची बदली त्रिनिदादला झाली आणि साक्षीला त्यांना बोलावलंच नाही. पाहुण्यांच्या हाती सगळं दिलं आणि घरचा माणूस बाहेर गेला.

नोव्हेंबरमध्ये ज्युरीने ९ विरुद्ध ३ मतांनी मारिन्यीला निर्दोष ठरवलं, वर त्याला बहामातून हाकलावं अशी शिफारसही केली. नॅन्सी शेवटपर्यंत नवऱ्यामागे उभी होती. तिने अमेरिकेहून रेमंड शिंडलर हा खाजगी डिटेक्टिव्हही आणला होता. पुढच्या वर्षी शिंडलरने खरा खुनी शोधायला मदत करायची तयारी दाखवली. त्याला नम्रपणे नकार मिळाला. निर्दोष माणूस वाचला हे खरं, पण हॅरी ओक्सला कोणी मारलं, हा प्रश्न तिथेच राहिला. पहिल्या दोन दिवसांत बिघडलेला पुरावा नंतर कोणीही आला तरी परत मिळत नाही.

मग बाहेरची मदत मागूच नये का? तसं मी म्हणणार नाही. आपलंच उदाहरण घ्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि त्यावर कित्येक वर्षं देखरेख ठेवली. १० मे २०२४ ला निकाल लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. जवळजवळ अकरा वर्षं लागली आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली असंही नाही. पण तिथे तपास यंत्रणेला न्यायालयापुढे जाऊन "काय केलंत?" याचं उत्तर द्यावं लागत होतं. नासाऊत मेल्चेन आणि बार्करला खटला उभा राहीपर्यंत हा प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. बोलावणारा गव्हर्नर, आणि बोलावलेला त्याचाच ओळखीचा.

म्हणून पुढच्या वेळी "तपास बाहेरच्यांकडे द्या" अशी मागणी कानावर आली, की मी आधी दोन गोष्टी बघणार आहे. यांना बोलावलं कोणी, आणि हे हिशेब कोणाला देणार? तुम्हीही बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!