व्यसनमुक्तीनंतरचे घर : संक्रमण निवासाची ओळख

खडकी हे लष्करी छावणीचे गाव. १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांसाठी सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे येथेच स्थिरावली, आणि १९७४ साली पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्रही येथे उभे राहिले. इस्पितळातून सुटलेल्या जवानास नव्याने जगावयास शिकावे लागते, हे खडकीकरांना वेगळे सांगावयास नको. व्यसनातून उठलेल्या व घर गमावलेल्या माणसाची गरजही तीच आहे. त्याच्याविषयी मात्र आपण पटकन म्हणतो, ‘उपचार झाले ना? आता त्याने पाहून घ्यावे.’

संक्रमण निवास म्हणजे काय?

उपचार केंद्र आणि स्वतंत्र संसार यांमधील काही महिन्यांचा मुक्काम म्हणजे संक्रमण निवास. हे इस्पितळ नव्हे आणि केवळ रात्रीचा निवाराही नव्हे. येथे राहणारा माणूस कामावर जातो, कमाईतून खर्चाचा वाटा उचलतो, स्वयंपाक व साफसफाई करतो, आणि दारू वा अमली पदार्थांना शिवत नाही. अमेरिकेत १९७५ साली सुरू झालेल्या ‘ऑक्सफर्ड हाऊस’ या घरांत तर व्यसनमुक्त रहिवासी स्वतःच सारा कारभार पाहतात.

दारूची सवय जडलेल्याने ती एकाएकी थांबविली, तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून प्रथम डॉक्टर, मगच निवास. काही काळ दूर राहून पुन्हा पूर्वीच्याच मात्रेत अफूजन्य पदार्थ घेणे प्राणघातक ठरते. त्यामुळे उपचारानंतरचे पहिले काही महिने विशेष जोखमीचे असतात. नेमक्या याच काळात ज्याला घर नाही, तो पुन्हा जुन्या सोबत्यांत जाऊन पडतो.

गरज किती मोठी?

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर व्यक्तींची नोंद झाली. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार, सुमारे ५ कोटी ७० लाख भारतीयांना मद्यपानाच्या समस्येसाठी साहाय्याची गरज होती. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांचाही समावेश आहे, आणि उपचार व घर यांमधील निवासांची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे.

आपल्या परिसरातील कार्य

मुंबई महाधर्मप्रांताचे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या व पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचा योग, यांचा मेळ त्यांनी घातला. २००९ साली त्यांना पद्मश्री लाभली. येरवडा येथील ‘मुक्तांगण’ १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी उभारले. ते धर्माधिष्ठित नाही, परंतु पुण्यातील कितीतरी कुटुंबांचा आधार ठरले. सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ साली वढू बुद्रुक येथे सुरू केलेल्या ‘माहेर’चे दार सर्व धर्मांच्या निराधारांना उघडे आहे. संस्थेचे नावच तिचे कार्य सांगते.

श्रद्धेचे स्थान

धर्माधिष्ठित निवासात प्रार्थना असते. पण ती प्रवेशाची अट असू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध थांबवून केवळ प्रार्थनेवर विसंबणे ही श्रद्धा नव्हे. डब्लिनचे कामगार मॅट टालबट यांनी १८८४ साली दारू सोडली, तेव्हा त्यांनी प्रथम शपथ घेतली ती तीन महिन्यांचीच. दररोजच्या मिस्साच्या आधारे ते १९२५ साली मृत्यू येईपर्यंत व्यसनमुक्त राहिले. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले. थोडी मुदत आणि दररोजचा आधार, हेच संक्रमण निवासाचेही मर्म आहे.

धर्मग्रामाने काय करावे?

प्रत्येक धर्मग्रामास निवास उभारणे शक्य नाही. तथापि, सभागृहातील एक खोली आठवड्यातून एकदा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेस देता येईल. परतलेल्यास काम मिळवून देता येईल. लग्नसमारंभात त्याच्या हाती पेला न देणे एवढे तर प्रत्येकास जमेल. पुन्हा घसरलेल्यासही दार बंद करू नये. व्यसनाविषयी मार्गदर्शन हवे असल्यास १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक निःशुल्क आहे.

चांगल्या शोमरोन्याने जखमीस मलमपट्टी केली, आणि मग त्याला उतारशाळेतही नेले; पुढील खर्चाची हमी घेतली. मलमपट्टी पुष्कळजण करतात. आपणापाशी मागणे आहे ते त्या उतारशाळेचे.