वाद झाला, निर्णय राहिला



खेळांच्या ऑनलाइन जगात शिवीगाळ फार वाढली, असं आपण नेहमी ऐकतो. आम्हा म्हाताऱ्यांना वाटतं, हे सगळं मोबाइलमुळे झालं. तसं नाही, बरं का. हा प्रश्न १९९३ सालीच पुरता उभा राहिला होता.

कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस ‘लॅम्डामू’ नावाचं एक जग चालवत. त्यात चित्र नाही, आवाज नाही. सगळं टाइप केलेल्या शब्दांत. माणसं टोपणनावानं तिथल्या दिवाणखान्यात जमत. व्यवस्थापकांना ‘विझर्ड’, म्हणजे जादूगार, म्हणत. १९९२च्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं होतं: आम्ही यंत्रणा सांभाळू, तुमची भांडणं तुम्ही मिटवा.

पुढं ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्रानं एका छोट्या प्रोग्रामच्या जोरावर इतरांच्या पात्रांवर सर्वांसमक्ष लैंगिक अत्याचार ‘घडवला’. शब्दच ते. पण त्यातली एक बाई त्याबद्दल लिहिताना खरोखर रडत होती. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये हा वृत्तान्त छापला.

मग सभा भरली. कोणी म्हणे, हाकला त्याला. कोणी म्हणे, नियमच नाही, तर शिक्षा कशी? कोणाला सत्ताच नको होती. स्वतः बंगलही येऊन गेला. काही तास बोलणं झालं, ठरलं काहीच नाही. नंतर एका विझर्डनं एकट्यानंच ते पात्र पुसून टाकलं.

आता बघा, न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत ‘निर्णय’ आणि ‘वाद’ शेजारी शेजारी येतात. जिंकण्यासाठीचा तो जल्प, नुसतं खोडण्यासाठीची ती वितंडा. सत्यासाठीचा तो वाद. लॅम्डामूत त्या रात्री बराचसा वादच झाला. निर्णयाची वाट मात्र कोणी बांधलेली नव्हती. म्हणून तो किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याकडे गेला.

कर्टिस यांनी पुढं अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. १९९६मध्ये विझर्डांनी अधिकार पुन्हा हाती घेतले. नुसती यंत्रणा सांभाळणं शक्यच नसतं, अशी कबुली देऊन.

आम्हाला यातली ही कबुली मोलाची वाटते. सभ्य मतभेद म्हणजे गोड बोलणं नव्हे. भांडण पेटण्याआधी निवाडा कोण आणि कसा करणार हे ठरवायचं, आणि तो आपल्याविरुद्ध गेला तरी उठून जायचं नाही. खेळात आपण हे पाळतोच की! बाद दिल्यावर बॅट घेऊन घरी जाणाऱ्याला उद्या कोण खेळायला घेतं?