गादी सोडण्याची रीत

नांदेडहून लातूरला बदली झाली की बँकेतला माणूस आधी खोली शोधतो आणि लगेच पाण्याची चौकशी करतो. 2016 साली आगगाडीने पाणी आणावे लागलेले हे गाव! याचे नाव लावून कुणी राजे मिरवत असतील, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही येत नाही. पण राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि लत्तलूर म्हणजे आपले लातूरच. नांदेडकरांनी रुसू नये, कंधारही त्यांचेच.

या घराण्यातल्या अमोघवर्षाने इ.स. 814 पासून तब्बल 64 वर्षे राज्य केले. आमच्याकडे साठीलाच नारळ देतात! प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले, असे संजाणचा ताम्रपट सांगतो. पुढे त्याने आपण होऊन गादी सोडली, असे त्याच्या नावावरच्या 'प्रश्नोत्तररत्नमालिका' या नीतिग्रंथाच्या शेवटी म्हटले आहे.

आता नीत्शे नावाचे जर्मन गृहस्थ. त्यांनी 1887 साली मांडले की दुबळा माणूस आपल्या दुबळेपणालाच सद्गुण म्हणतो. सूड घेता येत नाही, म्हणून क्षमा! आमच्या भाषेत, खात्यात दमडी नाही म्हणून दानावर व्याख्यान. अमोघवर्षाला हे लागू नाही. त्याच्या खात्यात भरपूर शिल्लक होती.

अडचण येते ती शेवटच्या वारसाशी. 972 साली परमार सीयकाने राजधानी मान्यखेट लुटली; 973 साली तैलपाने राज्यच घेतले. चौथ्या इंद्राला गादीवर बसवायचा प्रयत्न फसला. अखेर 982 साली श्रवणबेळगोळला त्याने सल्लेखनेचे व्रत घेऊन देह ठेवला. नीत्शे म्हणतील, ''बघा! गेलेल्या राज्यावर तुळशीपत्र!''

मला काही हे पटत नाही. तैलपाच्या दारी जाऊन चार गावे मागता आली असती, जन्मभर कुढता आले असते. इंद्राने दोन्ही केले नाही. राज्य गेले तरी स्वतःवरचा ताबा त्याने ठेवला होता, आणि शिल्लक होती ती तेवढीच.

खुद्द नीत्शेंचे भान 1889 साली हरपले; पुढची 11 वर्षे त्यांना आईने आणि मग बहिणीने सांभाळले. हे मी उट्टे काढायला सांगत नाही. उतार कुणाला चुकलाय? पण चढावर सगळेच पहिलवान दिसतात. माणूस कळतो तो उतारावर.

निवृत्तीनंतरही रोज अकराला येऊन जुन्या खुर्चीवर कोण बसलेय ते पाहून जाणारे साहेब प्रत्येक शाखेत असतात. त्यांना मी हल्ली चहा पाजतो आणि हळूच अमोघवर्षाचा विषय काढतो.