पुठ्ठ्यावरचा समुद्र

ऑगस्ट १९२८. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या बंदरगावात बेन निकल्सन आणि क्रिस्तोफर वुड हे दोन तरुण चित्रकार भटकायला आले होते. एका गल्लीतून जाताना उघड्या दारातून त्यांना आतल्या भिंतीवर जहाजांची चित्रं दिसली. वेड्यावाकड्या पुठ्ठ्यांवर काढलेली आणि चक्क खिळे ठोकून लावलेली. घरात राहत होता आल्फ्रेड वॉलिस, वय ७३.

आधुनिक ब्रिटिश कलेच्या इतिहासात हा प्रसंग हमखास येतो, तोही 'वॉलिसचा शोध लागला' अशा थाटात. मला हा शब्द जाम खटकतो. कोलंबसाने अमेरिका शोधली, तशातलाच प्रकार! वॉलिस त्या गावात १८९० पासून राहत होता की.

जन्म १८५५ चा, डेव्हनपोर्टचा. तरुणपणी शिडाच्या जहाजांवर खलाशी, पार अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आलेला. नंतर सेंट आइव्हजमध्ये जुनी शिडं, दोरखंड, लोखंड असला भंगारमाल घ्यायचा-विकायचा धंदा. बायको सुझन त्याच्याहून २१ वर्षांनी मोठी. १९२२ मध्ये ती गेली. घर खायला उठायचं, सोबत हवी म्हणून चित्रं काढायला लागलो, असं तो सांगायचा. तेव्हा सत्तरी आली होती. शिक्षक नाही, क्लास नाही. किराणा दुकानातले खोक्यांचे पुठ्ठे आणि होड्यांना लावायचा रंग, बस्स. रविवारी मात्र ब्रश बंद, कारण तो देवाचा वार. (आपले सगळे छंद रविवारीच उगवतात, ते सोडा.)

पण नुसत्या एकटेपणाने ही चित्रं झाली नाहीत. त्याच्या डोळ्यांदेखत एक अख्खं जग बुडालं होतं. वाफेच्या बोटींनी शिडाची जहाजं हटवली, गावाची मासेमारी ओसरली. १८७७ मध्ये रेल्वे आली आणि मागोमाग हवापालटवाले आणि चित्रकार. शिडं ठेवायच्या माळ्यांचे स्टुडिओ झाले. वॉलिस समोर दिसणारं बंदर काढत नव्हता, आठवणीतलं काढत होता. आमच्या धंद्यात बंद पडलेल्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन सहसा कोणी लिहीत नाही. या म्हाताऱ्याने ते लिहिलं, आणि तपशिलात: कुठल्या जहाजाला किती डोलकाठ्या, कुठलं शीड कधी उतरवायचं.

बाकी प्रमाण वगैरे भानगड नाही. महत्त्वाचं ते मोठं. गोड्रेव्हीचं दीपगृह खाडीपलीकडे कित्येक किलोमीटरवर, पण चित्रात अगदी हाताशी. खलाशाला ते तसंच वाटत असणार ना! पुठ्ठा तिरका असेल तर समुद्रही तिरका. कधीकधी रंग न लावलेला तपकिरी पुठ्ठा तसाच सोडलेला, आणि तीच वाळू. निकल्सन आणि वुड नेमकं हेच शिकायला धडपडत होते. वुड १९३० मध्येच वारला. निकल्सन पुढे खूप मोठा झाला, आणि वॉलिसचं ऋण त्याच्या चित्रांत दिसतं.

पैशाचं काय? लंडनच्या टेट गॅलरीत काम करणारा जिम ईड हा त्याचा मोठा गिऱ्हाईक. वॉलिस चित्रांचं पार्सल पोस्टाने पाठवायचा, ईड हवी ती ठेवून बाकीची परत करायचा. एका चित्राला काही शिलिंग. ईडला खलनायक करण्यात अर्थ नाही, कारण तेवढे देणारेही फार थोडे होते. त्याने जमवलेली शंभरावर चित्रं आज केंब्रिजच्या 'केटल्स यार्ड'मध्ये आहेत, ती त्याच्यामुळेच. तरी हिशेब जुळत नाही तो नाहीच. १९४१ मध्ये वॉलिसला मॅड्रनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी अनाथ-गरिबांच्या आश्रमात, जावं लागलं. तिथेही तो चित्रं काढत राहिला. २९ ऑगस्ट १९४२ ला तिथेच गेला.

बेवारशासारखं पुरलं जाऊ नये म्हणून चित्रकार मंडळींनी धावपळ केली. सेंट आइव्हजच्या टेकडीवर, समुद्रासमोर त्याची कबर आहे. बर्नार्ड लीच या नामवंत कुंभाराने ती टाइल्सनी मढवली: एक इवलासा माणूस काठी टेकत भल्यामोठ्या दीपगृहाच्या दाराशी पोचलाय. खाली किनाऱ्यावर १९९३ पासून टेट गॅलरीची शाखा उभी आहे.